किल्ल्यांचा जमाखर्च

मुलगी एस्पोला राहायला गेल्यापासून तीन वर्षे "या ना, या ना" चालले होते. गेल्या जूनमध्ये एकदाचे गेलो. फिनलंडला जाऊन आलो म्हटले की लोक बर्फाचे आणि रेनडियरचे विचारतात. आम्ही मात्र किल्ले पाहून आलो. ह्यांना किल्ल्यांचे वेड तरुणपणापासून, मला कधीच नव्हते. तट आणि बुरूज मला सगळीकडे सारखेच दिसतात. पण कॉमर्सची पदवी घेतलेल्या बाईला एक खोड असते. कुठेही गेले की हे सगळे कुणाच्या पैशाने उभे राहिले, हा प्रश्न आधी पडतो. त्या प्रश्नामुळेच मला हे किल्ले आवडले.

पहिला तुर्कूचा. हेलसिंकीहून रेल्वेने दोनेक तास लागतात. गुडघे दुखणाऱ्या मैत्रिणींना मुद्दाम सांगते, इथे गड चढायचा नसतो. औरा नदीच्या मुखाशी, सपाटीवर, करड्या दगडांचा हा प्रचंड वाडा उभा आहे. १२८० च्या सुमारास स्वीडिश राजवटीत बांधायला घेतला तेव्हा तो एका बेटावर होता. आज बेट राहिलेले नाही. हिमयुगात बर्फाच्या ओझ्याने दबलेली जमीन या भागात अजून हळूहळू वर येते आहे. त्यामुळे समुद्रच मागे सरकला आणि किल्ला जमिनीवर आला.

या किल्ल्यात मला दोन बायका भेटल्या. म्हणजे त्यांच्या गोष्टी भेटल्या.

पहिली कॅथरीन, पोलंडची राजकन्या. तेव्हा फिनलंड स्वीडनचा भाग होता. स्वीडनचा राजा एरिक चौदावा, आणि त्याचा धाकटा सावत्र भाऊ योहान हा फिनलंडचा ड्यूक. १५६२ मध्ये योहानने थोरल्या भावाला न जुमानता कॅथरीनशी लग्न केले. आता व्यवहार बघा. याच सोयरिकीत योहानने पोलंडच्या राजाला, म्हणजे आपल्या मेहुण्याला, १,२०,००० थालर कर्ज दिले आणि तारण म्हणून लिव्होनियातले सात किल्ले घेतले. आपल्याकडे लग्नात दागिन्यांची यादी होते, इथे किल्ल्यांची झाली! त्याच लिव्होनियात एरिकचाही विस्तार चालू होता आणि पोलंड त्याचा प्रतिस्पर्धी. धाकटा शत्रूशी पैशाचे व्यवहार करतो म्हटल्यावर थोरल्याने त्याला राजद्रोही ठरवले आणि १५६३ मध्ये तुर्कूच्या किल्ल्याला वेढा घातला. काही आठवड्यांतच, ऑगस्टमध्ये, किल्ला पडला.

कॅथरीन डिसेंबरमध्ये नवी नवरी म्हणून इथे आली होती. जेमतेम आठ महिन्यांचा संसार. काटे-चमचे आणि जेवणाच्या मेजावरचे रुमाल फिनलंडमध्ये तिने आणले असे म्हणतात. म्हणजे घर लावायची हौस होती बाईला. तिला माहेरी परत जाता आले असते, पण ती नवऱ्याबरोबर स्वीडनमध्ये कैदेत गेली. तिचा मुलगा कैदेतच जन्मला आणि पुढे पोलंडचा राजा झाला.

पाच वर्षांनी पारडे फिरले. १५६८ मध्ये योहानने एरिकला गादीवरून खाली खेचले आणि कैद केले. कैदेतल्या एरिकला १५७० मध्ये कुठे आणून ठेवावे? याच तुर्कूच्या किल्ल्यात. त्याच्याबरोबर होती त्याची बायको कारिन, राजघराण्यातली नव्हे, एका साध्या शिपायाची मुलगी. पुढे एरिकला आणखी दूरदूरच्या किल्ल्यांत हलवले आणि बायकामुलांपासून तोडले. १५७७ मध्ये तो गेला. वाटाण्याच्या सूपमधून विष घातले अशी आख्यायिका होतीच. १९५८ मध्ये त्याची कबर उघडून तपासणी झाली तेव्हा अवशेषांत आर्सेनिक सापडले. फिनलंडमध्ये आजही गुरुवारी वाटाण्याचे सूप करण्याची रीत आहे. मुलीने एका गुरुवारी घरी केले (वाटाणे, आले आणि मिरे घालून, छान झाले होते), तेव्हा ह्यांनी ताट पुढे ओढण्याआधी माझ्याकडे संशयाने पाहिले.

कारिनला मात्र योहानने फिनलंडमध्येच एक जहागीर दिली. तिथे ती पुढे पस्तीसएक वर्षे राहिली, रयतेची आवडती होऊन. १६१२ मध्ये वारली आणि तुर्कूच्या कॅथेड्रलमध्ये तिची समाधी आहे. आम्ही मुद्दाम जाऊन पाहिली. राजाराण्यांची भांडणे वाचताना मी सहसा नावे विसरते. या दोघींची विसरले नाही.

किल्ला आज नीटनेटका दिसतो, पण १९४१ च्या जूनमध्ये सोव्हिएत बॉम्बहल्ल्यात तो जळला होता. दुरुस्ती १९६१ पर्यंत चालली.

दुसरा किल्ला साव्होनलिन्नाचा, ओलाविनलिन्ना. १४७५ मध्ये पूर्वेकडच्या रशियन सीमेवर पहारा ठेवायला बांधला. सरोवरांच्या मधल्या खडकावर, तीन गोल बुरुजांचा. फोटो यायचे तर इथलेच यावेत. पाण्याला इथे इतका ओढ आहे की कडक थंडीतही ते सहजासहजी गोठत नाही, म्हणजे खंदक फुकटात मिळाला. १९१२ पासून या किल्ल्याच्या चौकात ऑपेरा होतो. आम्ही गेलो तेव्हा उत्सवाला अवकाश होता, खुर्च्या मांडणे चालू होते. तिथे फार रेंगाळलो नाही, परतीची गाडी होती. आणि हो, सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नियम पाळणाऱ्यांची इथे जूनमध्ये चंगळच असते. हेलसिंकीत सूर्य रात्री पावणेअकराच्या सुमारास मावळतो. डब्यातल्या दशम्या आम्ही रात्री नऊ वाजता, लख्ख उन्हात, गाडीतच खाल्ल्या.

आता तिसरा, सुओमेनलिन्ना. इथे आम्ही तीनदा गेलो, आणि इथेच आमचे भांडण झाले.

हेलसिंकीच्या बाजारचौकातून बोटीने पंधरा मिनिटे लागतात. सहा बेटांवर पसरलेला हा सागरी किल्ला स्वीडनने १७४८ मध्ये बांधायला घेतला. प्रमुख होता आउगुस्टिन एरेनस्वेर्ड. रशिया पीटर्सबर्गपर्यंत येऊन ठेपला होता, त्याला अडवायचे म्हणून. नाव ठेवले स्वेआबॉर्ग, म्हणजे स्वीडनचा किल्ला. काम इतके मोठे की पुढे किल्ल्यावरची वस्ती शेजारच्या हेलसिंकी गावापेक्षा जास्त झाली. समुद्राच्या बाजूला राजदरवाजा आहे. तिथल्या दगडावर एरेनस्वेर्डने कोरून घेतले आहे की पुढच्या पिढ्यांनो, इथे स्वतःच्या पायांवर उभे राहा, परक्याच्या मदतीवर विसंबू नका. वाचून मी भारावले. मग मुलीने सांगितले की या किल्ल्याच्या बांधकामाला फ्रान्सकडून मोठी रक्कम आली होती. मला हसू आवरेना. परक्याच्या पैशाने दगड विकत घ्यायचा आणि त्यावर असे कोरायचे!

१८०८ च्या फेब्रुवारीत रशियाने फिनलंडवर चाल केली आणि मार्चमध्ये या किल्ल्याला वेढा पडला. आत साडेसहा हजारांच्या वर शिबंदी, सातशेहून जास्त तोफा. वेढा घालणारे सुरुवातीला आतल्यांपेक्षा कमी होते. किल्लेदार होता कार्ल ओलोफ क्रोनस्टेट. १७९० मध्ये स्वेन्स्कसुंडच्या समुद्रात रशियाच्या आरमाराचा धुव्वा उडाला, त्या लढाईतला हा नावाजलेला अधिकारी. ६ एप्रिलला त्याने रशियनांशी करार केला. ३ मेच्या दुपारपर्यंत स्वीडनहून पाच मोठ्या युद्धनौका मदतीला आल्या तर ठीक, नाहीतर किल्ला तुमचा. समुद्र गोठलेला, स्टॉकहोमला निरोप वेळेवर पोहोचणे कठीण. जहाजे आली नाहीत. ३ मेला किल्ला रशियाच्या ताब्यात गेला, आतल्या किनारी आरमारासकट. फारसे रक्त न सांडता.

हे म्हणाले, "सरळ फितुरी आहे. किल्लेदाराने किल्ला झुंजवायचा असतो." चाळीस वर्षे बँकेत काढलेला माणूस, चावीची जबाबदारी जाणतो. मी म्हटले, आत सैनिकांच्या बायका होत्या, पोरे होती. दारूगोळ्याच्या कोठारावर संसार मांडलेले. कुणीतरी त्यांचाही हिशेब केला असेल. बाकावर बसून अर्धा तास आम्ही या दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसावरून बोललो, आणि जावई लांब जाऊन उभा राहिला.

पण खरे सांगायचे तर माझी बाजू मलाच पूर्ण पटत नाही. नुसती दया असती तर बर्फ वितळायच्या आतली तारीख त्याने का मान्य केली? आणि ते आरमार? दुसरीकडे, फिनलंडचा राष्ट्रकवी रूनेबेर्ग याने या शरणागतीवर कविता लिहिली आणि तीत क्रोनस्टेटचे नावसुद्धा उच्चारले नाही, इतका राग. तेवढा कठोरपणाही मला जमत नाही. १८०९ मध्ये स्वीडनने फिनलंड कायमचे गमावले. रशियाच्या छत्राखाली फिनलंडला स्वतःची संसद, स्वतःचा कारभार मिळाला, हेलसिंकी १८१२ मध्ये राजधानी झाली, आणि १९१७ मध्ये देश स्वतंत्र झाला. काही जण म्हणतात, शरणागतीने शेवटी फिनलंडचे भलेच झाले. मी हे मानत नाही. शंभर वर्षांनी आलेला नफा १८०८ च्या सहीच्या खात्यावर जमा करता येत नाही. सही करताना त्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. तो पुढे हेलसिंकीजवळच राहिला आणि १८२० मध्ये तिथेच वारला. रोज खिडकीतून काय आठवत असेल, देव जाणे.

किल्ल्याच्या नावाचाही हिशेब आहे. १८५५ मध्ये, क्रिमियन युद्धात, इंग्रज-फ्रेंच आरमाराने याच किल्ल्यावर तोफा डागल्या. ज्या फ्रान्सचे पैसे भिंतींत गेले, त्याच फ्रान्सचे गोळे भिंतींवर आले. १९१८ मध्ये यादवी युद्ध संपता संपता त्याचे नाव सुओमेनलिन्ना, म्हणजे फिनलंडचा किल्ला, असे झाले. त्याच वर्षी हरलेल्या लाल पक्षाच्या हजारो कैद्यांना इथेच डांबले होते, आणि भूक व रोगाने त्यांतले शेकडो मेले. नवे नाव आणि ती छावणी एकाच सालातली. हे वाचून आमचे दोघांचेही बोलणे थांबले.

आज बेटांवर सुमारे आठशे माणसे राहतात. शाळा आहे, वाचनालय आहे, दुकान आहे. एक खुला तुरुंगही आहे आणि तिथले कैदी तटबंदीच्या डागडुजीचे काम करतात. दोरीवर वाळत घातलेले कपडे पाहून मला फार बरे वाटले. मधोमध एक चर्च आहे. त्याच्या घुमटावर दीपस्तंभाचा दिवा आहे, असे मी दुसरीकडे कुठे पाहिले नाही. चर्चच्या आवाराला कुंपण म्हणून जुन्या तोफा जमिनीत उभ्या पुरल्या आहेत आणि मधून जाड साखळ्या ओवल्या आहेत. बोटीला वीस मिनिटे होती. पाच-सहा वर्षांची एक मुलगी साखळीवर बसून झोके घेत होती आणि तिची आई तोफेवर पिशवी टेकवून फोनवर बोलत होती.