सही न करणारे १०१

महायुद्धाचा इतिहास म्हटला की रणांगण गाजवणाऱ्या पथकांचीच नावे पुढे येतात. ज्या पथकाने शत्रूवर एकही बाँब टाकला नाही, त्याची कथा आम्ही आज श्रोत्यांपुढे ठेवीत आहोत.

अमेरिकेच्या विमानदलाचा ४७७वा बाँबर गट जानेवारी १९४४ मध्ये मिशिगनमधील सेल्फ्रिज तळावर उभा राहिला. विमाने बी-२५ जातीची. वैमानिक कृष्णवर्णीय, वरिष्ठ मात्र गोरे. तेथून केंटकीतील गॉडमन आणि मार्च १९४५ मध्ये इंडियानातील फ्रीमन, अशी गटाची फरपट झाली आणि शिक्षण रखडले.

फ्रीमन तळावर कर्नल रॉबर्ट सेलवे याने अधिकाऱ्यांचे दोन क्लब केले. एक शिक्षकांचा, एक शिकाऊंचा. रंगाचा उल्लेख कोठेच नाही! पण काळे तेवढे सारे शिकाऊ ठरले. वास्तविक क्लब सर्व अधिकाऱ्यांना खुला असावा, असा लष्कराचाच नियम होता. ५ एप्रिलच्या रात्री कृष्णवर्णीय अधिकारी लहान लहान गटांनी शिक्षकांच्या क्लबात शिरले आणि अटका झाल्या.

मग सेलवेने नवा नियम काढला व तो वाचून समजल्याची सही मागितली. एकेकाला बोलावून हुकूम झाला. युद्धकाळात हुकूम मोडणाऱ्यास देहदंडही होऊ शकत होता. तरी १०१ जणांनी सही नाकारली.

हमीपत्र पुढे करून एकेकट्याला गाठण्याची ही युक्ती आमच्या गिरणी कामगारांना नवी नाही. एकटा माणूस वाकतो, हा तिचा हिशेब. येथे तो चुकला. त्या नकार देणाऱ्यांत डेट्रॉइटच्या मोटार कामगारांत संघटनेचे काम केलेले कोलमन यंग होते. पुढे १९७४ पासून वीस वर्षे ते त्या शहराचे महापौर झाले.

१०१ जण सुटले, पण ठपका राहिला. तिघांवर खटला चालला; दोघे निर्दोष ठरले, रॉजर टेरी यांना धक्काबुक्कीबद्दल १५० डॉलर दंड झाला. जूनमध्ये गटाला पी-४७ लढाऊ विमानांचे ९९वे पथक जोडले गेले आणि नेतृत्व बेंजामिन डेव्हिस या कृष्णवर्णीय कर्नलकडे आले. गट आघाडीवर जाण्यापूर्वीच युद्ध संपले.

२६ जुलै १९४८ रोजी अध्यक्ष ट्रूमन यांनी सैन्यात समान वागणुकीचा आदेश काढला. त्याचे सारे श्रेय या १०१ जणांना देणे अतिशयोक्तीचे होईल. पण दुजाभाव यापुढे निमूट सोसला जाणार नाही, हे लष्कराला फ्रीमन तळावर कळले. टेरी यांची शिक्षा १९९५ साली रद्द झाली. तोवर पन्नास वर्षे लोटली होती.