मल्लविद्या : जुना वारसा आणि आपले कर्तव्य

यात्रेतील कुस्त्यांचा फड पाहिला नाही असा मनुष्य आपल्या बीड जिल्ह्यात क्वचितच सापडेल. परंतु ही विद्या किती प्राचीन आहे, इतर देशांत तिच्या भगिनी कशा वाढल्या आणि आपल्या गावच्या तालमी मात्र ओस का पडत आहेत, याचा विचार फारसा होत नाही. तो थोडक्यात करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मल्लविद्येचे सविस्तर विवेचन करणारा एक जुना ग्रंथ आपल्या शेजारीच निर्माण झाला. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात मल्लांचे ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक व गोवल असे वर्ग सांगून त्यांचा आहार व नित्याचे श्रम वर्णिले आहेत. खांबावरील व्यायामाचाही त्यात उल्लेख आहे.

पुढे दुसऱ्या बाजीरावांच्या काळी निजामाच्या राज्यातून अली व गुलाब हे मल्ल पुण्यास आले. त्यांचे आव्हान स्वीकारून बाळंभटदादा देवधरांनी अलीस चीत केले, अशी परंपरागत कथा आहे. मल्लखांबाच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय दादांनाच दिले जाते. परंतु त्यांचे खरे मोठेपण एका कुस्तीत नाही. त्यांनी आपली विद्या शिष्यांच्या हाती दिली, म्हणूनच ती त्यांच्यामागे उरली.

हेच तत्त्व जपानात अधिक व्यवस्थितपणे आचरिले गेले. सामुराईंचे युग संपल्यावर तेथील जुजुत्सू विद्येस उतरती कळा लागली होती. १८८२ साली जिगोरो कानो या तरुण शिक्षकाने टोकियोतील एका बौद्ध मंदिरात बारा चटयांच्या जागेवर आपली शाळा उघडली. घातक डाव वगळून, नियम बांधून व शिष्यांच्या पायऱ्या ठरवून त्याने ज्यूदो सिद्ध केला. १९६४ साली त्यास ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले. ओकिनावा बेटातील कराटे १९२२ साली टोकियोस नेऊन दाखविणारे फुनाकोशी हेही व्यवसायाने शाळामास्तरच होते. अध्यापनात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्यास याचा विशेष आनंद वाटतो.

महाराष्ट्रही अगदीच मागे राहिला नाही. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन येथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली. २०१९ साली मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा भरली व तीत परदेशचे खेळाडूही उतरले.

आपल्या जिल्ह्यापुरते पाहता पाटोद्याचे राहुल आवारे यांनी २०१८ साली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक व २०१९ साली जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. हा अभिमानाचा विषय खरा. पण त्यांना घडण्यासाठी पुण्यास जाऊन हरिश्चंद्र बिराजदार व काका पवार यांच्यासारख्या गुरूंचा आश्रय घ्यावा लागला, हेही ध्यानी घ्यावे. ज्याला पुणे गाठणे शक्य नाही, त्याने काय करावे? आपल्याकडील कित्येक मुले दिवाळीच्या सुमारास आईबापांसोबत ऊसतोडीस जातात. सहा महिने जोर-बैठका सुटल्या की वस्तादाची मेहनत वाया जाते, आणि शाळाही सुटते.

म्हणून समाजबंधुभगिनींस नम्र विनंती आहे. वसतिगृहाशेजारी एक हौदा असावा आणि जागतिक स्पर्धा गादीवर होतात, तेव्हा एक गादीही असावी. आईबाप परगावी असताना मुलांना तेथेच आसरा व दूध-भाकरी मिळावी. मुलींनाही ही द्वारे उघडी असावीत. वृद्ध वस्तादांच्या स्मरणातील डाव कोणी तरी वहीत उतरून घ्यावेत. विद्या बलवंतामुळे गाजते. परंतु टिकते ती शिकविणाऱ्यामुळे. तो शिकविणारा आपल्या गावात उभा करणे, हेच आपले कर्तव्य होय.