महाराजांनी आपल्या पालिकेचा हिशेब मागितला तर?

शिवजयंती आली की आपल्याकडे चौकाचौकात बॅनर लागतात. महाराज कोपऱ्यात, शुभेच्छुक मोठे. त्याची आता सवय झालीय. मग भाषणं होतात, 'आज महाराज असते तर...' आणि पुढचं वाक्य प्रत्येक पक्ष आपल्या सोयीनं पूर्ण करतो. म्हणून म्हटलं, भाषणं राहू द्या, महाराजांची पत्रंच बघू.

एक गोष्ट आधीच सांगतो. महाराज राजे होते. निवडणूक, नगरसेवक, माहितीचा अधिकार हे त्या काळात नव्हतं. त्यांना आजच्या कुठल्याच पक्षाच्या मंचावर बसवू नका. पण स्वतःच्या अधिकाऱ्यांकडून ते काय मागत होते, ते कागदावर आहे.

५ सप्टेंबर १६७६ चं पत्र घ्या. कोकणातल्या प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेलं. सांगणं असं : रयतेच्या भाजीच्या देठाचाही मोह धरू नकोस. गावोगाव स्वतः फिर. कुणाकडे बैल नाहीत, कुणाकडे बियाणं नाही, कुणाच्या घरात खायला दाणा नाही, ते बघ. नसेल त्याला दे. वसुली करायची ती फक्त मुद्दलाची, व्याज नाही, आणि तीही त्याला झेपेल तशी हळूहळू. यासाठी दोन लाख लारींपर्यंत खर्च करायची मुभा दिलीय. लारी म्हणजे तेव्हाचं चांदीचं नाणं. म्हणजे नुसता उपदेश नाही, बजेटसकट आदेश आहे!

दुसरं पत्र चिपळूणजवळच्या हलवर्णच्या छावणीतल्या लष्करी अधिकाऱ्यांना. पावसाळ्याचा साठा बेतानं वापरा, लागेल ते बाजारातून पैसे देऊन घ्या. शेतकऱ्याचं धान्य, गवत, लाकूडफाटा ओरबाडलात तर लोकांना वाटेल, यांच्यापेक्षा मोगल परवडले. इतकंच नाही, जळती वात उंदरानं नेली तर गवताची गंजी पेटेल, इथपर्यंत बारकाईनं बजावलंय. संकट येण्याआधी विचार करणं, हे महाराज अधिकाऱ्याचंच काम समजत होते.

आता आपल्या भागाकडे या. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली. वसई मात्र फिरंग्यांकडेच राहिली. आपण चिंचोटीहून कामणमार्गे भिवंडीला जातो ना, त्या वाटेच्या एका टोकाला स्वराज्य होतं आणि दुसऱ्या टोकाला पोर्तुगीज. वसईचा किल्ला चिमाजी अप्पांनी घेतला तो १७३९ मध्ये, महाराज गेल्यावर ५९ वर्षांनी. आपल्याकडे स्वराज्य उशिरा आलं. आता आलेलं किती टिकवलं, ते बघू.

वसई-विरार महापालिका २००९ ची. चार नगरपालिका आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून केलेली. ग्रामपंचायती जाऊ नयेत म्हणून गावांनी मोठं आंदोलन केलं. जून २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढची निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये. साडेपाच वर्षं प्रशासक. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असं संविधान सांगतं. गावची पंचायत गेली आणि पालिकेत नगरसेवकही नाही. गटार तुंबलं तर सांगायचं कुणाला?

याच काळात, २०२५ च्या सुरुवातीपर्यंत, नालासोपाऱ्यात ४१ अनधिकृत इमारती पाडल्या. न्यायालयाचा आदेश होता, त्याबद्दल वाद नाही. पण ती जागा डंपिंग आणि सांडपाणी प्रकल्पासाठी आरक्षित होती, हे सरकारी नकाशातच होतं. मजल्यावर मजले चढले, तेव्हा कुणाला दिसलं नाही? आयुष्याची कमाई घालून घर घेणारा रस्त्यावर आला. त्याच वर्षी २६ ऑगस्टच्या मध्यरात्री विरारमध्ये अनधिकृत इमारतीचा भाग कोसळला आणि १७ जणांचा जीव गेला. उंदीर वात नेईल म्हणून काळजी करणारा राजा यावर काय म्हणाला असता, ते मी सांगायची गरज नाही.

बरोबर वर्षभर आधी, २६ ऑगस्ट २०२४ ला, मालवणच्या राजकोटवरचा महाराजांचा पुतळा पडला. अनावरणाला नऊ महिनेही झाले नव्हते. समोरच समुद्रात सिंधुदुर्ग उभा आहे, १६६४ मध्ये पायाभरणी झालेला. लाटा दोघांसमोर त्याच होत्या.

पत्रकार म्हणून अनेक वर्षं या पट्ट्यात फिरतोय. सत्ता कुणाचीही असो, माझ्या मते महाराज घोषणा ऐकत बसले नसते. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या असत्या. गावात स्वतः कधी फिरलास? पैसा कुठे खर्च केलास? धोका दिसत असताना गप्प का बसलास?

आता आपले ११५ नगरसेवक निवडून आलेत. पावसाळा यायच्या आधी आपापल्या नगरसेवकाला हेच तीन प्रश्न विचारा. तोंडी नको, लेखी. पोच घ्या. उत्तर आलं तर इथे कमेंटमध्ये टाका, नाही आलं तरी टाका. पुढच्या बॅनरवर महाराजांचा फोटो लावायचा हक्क कुणाला आहे, ते त्यावरून ठरवू.

जय शिवराय.