कंपनीच्या गाडीचा कर आणि धूर

लंडनमध्ये हिशेबनीस म्हणून मी कंपन्यांच्या गाड्यांचे कर मांडत आलो. २००२ पर्यंत ब्रिटनचा कायदा धुराला उत्तेजनच देई. वर्षात कामासाठी १८,००० मैल धावलेल्या गाडीवर सर्वांत कमी कर! मार्च आला की मैल भरायला लोक उगाच दूरच्या ग्राहकाकडे जात. केवढं इंधन वाया गेलं! एप्रिल २००२ पासून कर कार्बन डायऑक्साइडवर बसला, तशी माणसं डिझेलकडे वळली आणि शहरांच्या वाट्याला नायट्रोजन ऑक्साइड आले. २०२० मध्ये विजेच्या गाडीचा दर शून्य झाला, पुढे एक, मग दोन टक्के. पगारातून हप्ता कापून कंपनीमार्फत भाड्याची विजेची गाडी घेणं नोकरदारांना परवडू लागलं. मला हे मनापासून पटतं. मात्र बॅटरी बनवतानाचा कार्बन या करात अजून धरला जात नाही. तो धरायलाच हवा.