चिखलातला गोल आणि एका गावाची स्मृती

इंग्लंडमधील फुटबॉलच्या वरच्या चार श्रेणींत ९२ क्लब खेळतात. त्यांच्याखाली पसरलेल्या शेकडो क्लबांच्या जगाला 'नॉन-लीग' म्हटले जाते. तेथे नोकरी-धंदा सांभाळून फुटबॉल खेळणाऱ्या खेळाडूंची परंपरा मोठी आहे. मोठ्या क्लबांचे नायक जगाला ठाऊक असतात. नॉन-लीग क्लबांचे नायक मात्र बहुधा एका गावापुरतेच मोठे राहतात. हेरेफर्ड युनायटेड या क्लबच्या काही खेळाडूंनी आणि व्यवस्थापकांनी ही मर्यादा ओलांडली. त्यांच्या आठवणी एवढ्या चिवट ठरल्या, की मूळ क्लब अस्तंगत झाल्यावरही त्या उरल्या.

वेल्सच्या सीमेलगत वसलेले हेरेफर्ड हे लहानसे शहर पांढऱ्या तोंडाच्या, तांबूस रंगाच्या गुरांसाठी प्रसिद्ध आहे. मोठ्या सामन्यापूर्वी मैदानात बैल फिरवण्याची प्रथाही येथलीच. १९२४ मध्ये दोन स्थानिक संघांच्या विलीनीकरणातून हेरेफर्ड युनायटेडची स्थापना झाली आणि एडगर स्ट्रीट हे त्याचे मैदान ठरले. सदर्न लीगमध्ये खेळणाऱ्या या क्लबला वरच्या श्रेणीची आस होती. परंतु त्या काळी केवळ गुणांच्या बळावर वर जाता येत नसे. फुटबॉल लीगमधील क्लब मतदान करून नव्या सभासदाला प्रवेश देत. त्यामुळे चांगला खेळ करण्याइतकेच देशाच्या नजरेत भरणेही महत्त्वाचे होते.

जॉन चार्ल्स : सौम्य महाकाय

देशाची नजर हेरेफर्डकडे प्रथम वळवली ती जॉन चार्ल्स यांनी. स्वॉन्झी येथे १९३१ मध्ये जन्मलेले चार्ल्स बचावफळी आणि आघाडी या दोन्ही जागी सारख्याच अधिकाराने खेळत. लीड्स युनायटेडकडून नाव कमावल्यावर १९५७ मध्ये ते इटलीतील युव्हेंटसमध्ये गेले. पहिल्याच मोसमात २८ गोलांसह ते इटालियन लीगचे सर्वाधिक गोल करणारे खेळाडू ठरले. युव्हेंटसने त्यांच्या काळात तीन वेळा विजेतेपद मिळवले. धिप्पाड देह आणि मैदानावरील निर्मळ वर्तन यांमुळे इटालियन प्रेक्षकांनी त्यांना 'सौम्य महाकाय' ही उपाधी दिली.

असा खेळाडू १९६६ मध्ये हेरेफर्डला आला आणि पुढे खेळाडू-व्यवस्थापक म्हणून १९७१ पर्यंत तेथेच रमला. त्यांच्या येण्याने एडगर स्ट्रीटवर गर्दी वाढू लागली. पुढे इतिहास घडवणाऱ्या संघाची बरीचशी बांधणी त्यांच्याच कारकिर्दीत झाली. २००४ मध्ये त्यांचे निधन झाले.

कॉलिन ॲडिसन आणि ५ फेब्रुवारी १९७२

चार्ल्स यांच्यानंतर आलेले कॉलिन ॲडिसन यांनी आर्सेनल, नॉटिंगहॅम फॉरेस्ट, शेफील्ड युनायटेड अशा क्लबांकडून खेळण्याचा अनुभव गाठी बांधला होता. तेही खेळाडू-व्यवस्थापकच होते. सूत्रे स्वीकारल्यावर काही महिन्यांतच त्यांचा संघ एफए चषकाच्या तिसऱ्या फेरीत न्यूकॅसल युनायटेडसमोर उभा राहिला. न्यूकॅसल हा पहिल्या श्रेणीतील क्लब. १९६९ मध्ये त्याने युरोपातील फेअर्स चषक जिंकलेला. न्यूकॅसलच्या मैदानावर ब्रायन ओवेनने पहिल्याच मिनिटात गोल केला. यजमानांनी आघाडी घेतली, तेव्हा खुद्द ॲडिसन यांनी दुरून मारलेल्या फटक्याने सामना २-२ असा बरोबरीत सुटला.

फेरसामना पावसामुळे वारंवार पुढे ढकलला गेला आणि अखेर ५ फेब्रुवारी रोजी एडगर स्ट्रीटवर खेळवण्यात आला. मैदान म्हणजे चिखलाचा राडा झाला होता. जागा न मिळालेल्यांनी झाडांवर चढून सामना पाहिला. ८२ व्या मिनिटाला माल्कम मॅकडोनाल्डने हेडरद्वारे न्यूकॅसलला आघाडी मिळवून दिली, तेव्हा हेरेफर्डची झुंज संपल्यातच जमा होती.

रॉनी रॅडफर्ड आणि रिकी जॉर्ज

अवघ्या काही मिनिटांत चित्र पालटले. मध्यरक्षक रॉनी रॅडफर्ड यांनी ओवेनशी चेंडूची देवाणघेवाण केली आणि सुमारे ३० यार्डांवरून मारलेला चेंडू जाळ्याच्या वरच्या कोपऱ्यात विसावला. रॅडफर्ड हे व्यवसायाने सुतार. हात उंचावून धावणारे रॅडफर्ड आणि त्यांच्यामागे मैदानात घुसलेली जाड कोट घातलेली पोरे हे दृश्य ब्रिटिश दूरचित्रवाणीवर त्यानंतर असंख्य वेळा दाखवले गेले. बीबीसीने तो त्या मोसमातील सर्वोत्कृष्ट गोल ठरवला.

त्या काळी एकच बदली खेळाडू उतरवता येई. पाय मोडलेल्या अवस्थेत दीर्घकाळ खेळत राहिलेल्या बचावपटू रॉजर ग्रिफिथ्सच्या जागी रिकी जॉर्ज मैदानात आले होते. जादा वेळेत, १०३ व्या मिनिटाला त्यांनी विजयी गोल केला. १९४९ मध्ये येओविल टाऊनने संडरलँडला हरवल्यानंतर नॉन-लीग क्लबने पहिल्या श्रेणीतील क्लबला नमवण्याची ही पहिलीच वेळ होती. याच जॉर्ज यांच्या अंशतः मालकीच्या 'अर्थ समिट' या घोड्याने १९९८ मध्ये ग्रँड नॅशनल शर्यत जिंकली. सामन्याचे समालोचन करणाऱ्या तरुण जॉन मॉट्सन यांच्या कारकिर्दीलाही त्या दिवसाने कलाटणी मिळाली.

पुढच्या फेरीत वेस्ट हॅमला गोलशून्य बरोबरीत रोखल्यावर फेरसामन्यात हेरेफर्ड १-३ असा पराभूत झाला; जेफ हर्स्ट यांनी वेस्ट हॅमचे तिन्ही गोल केले. मात्र अपेक्षित परिणाम साधला होता. त्याच उन्हाळ्यात झालेल्या मतदानात, तेही फेरमतदानानंतर, बॅरोच्या जागी हेरेफर्डला लीगमध्ये प्रवेश मिळाला. जॉन सिलेट यांच्या व्यवस्थापनाखाली १९७६ मध्ये तिसऱ्या श्रेणीचे विजेतेपद पटकावून क्लब दुसऱ्या श्रेणीपर्यंत पोहोचला.

ग्रॅहम टर्नर : पडझडीनंतरची निष्ठा

सर्वच आठवणी विजयाच्या नसतात. ३ मे १९९७ रोजी ब्रायटनविरुद्धच्या अखेरच्या सामन्यात हेरेफर्डला विजय हवा होता. सामना १-१ असा सुटला. दोन्ही क्लबांचे गुण समान झाले. गोलफरक हेरेफर्डचा सरस होता. परंतु तेव्हाच्या नियमानुसार केलेल्या गोलांची संख्या मोजली गेली आणि ब्रायटन वाचला. पंचवीस वर्षांनी हेरेफर्ड पुन्हा नॉन-लीगमध्ये आला. व्यवस्थापक ग्रॅहम टर्नर यांनी मात्र क्लब सोडला नाही. पुढे मालकी आणि अध्यक्षपदाची जबाबदारीही त्यांनी पत्करली, काटकसरीने कारभार केला आणि २००६ मध्ये हॅलिफॅक्सला ३-२ असे नमवून क्लबला लीगमध्ये परत नेले. दोन वर्षांनी आणखी एक बढती मिळाली. चाहत्यांच्या मनात टर्नर यांना म्हणूनच वेगळे स्थान आहे.

क्लब गेला, नावे राहिली

टर्नर यांच्यानंतरच्या काळात क्लब कर्जात बुडाला आणि १९ डिसेंबर २०१४ रोजी उच्च न्यायालयाच्या आदेशाने गुंडाळला गेला. नव्वद वर्षांची संस्था कायद्याच्या दृष्टीने संपली. पण चाहत्यांच्या पुढाकाराने लगेच 'हेरेफर्ड एफसी' उभा राहिला. बऱ्याच खालच्या श्रेणीत, परंतु एडगर स्ट्रीटवरच खेळू लागलेल्या या क्लबने पीटर बीडल यांच्या व्यवस्थापनाखाली २०१६ ते २०१८ अशा सलग तीन बढत्या मिळवल्या. २०१६ मध्ये तो एफए व्हाझच्या अंतिम सामन्यासाठी वेम्बलीलाही पोहोचला. तेथे मॉर्पेथ टाऊनकडून तो हरला, पण हजारो चाहते सोबत होते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये रॉनी रॅडफर्ड यांचे ७९ व्या वर्षी निधन झाले. ज्या क्लबसाठी त्यांनी तो गोल केला, तो क्लब आठ वर्षांपूर्वीच कागदोपत्री विसर्जित झाला होता. तरीही ती बातमी देशभर छापून आली आणि चिखलातला तो फटका पुन्हा एकदा साऱ्यांनी पाहिला. क्लबची नोंदणी न्यायालय रद्द करू शकते. गावाने जपलेली नावे मात्र त्याच्या अधिकारकक्षेबाहेर असतात.