मुंबईत बिऱ्हाड

आमच्या घरातली वडीलधारी माणसं कधी साल सांगत नसत. पणजोबा गिरणीत लागले ते ‘प्लेगाच्या आदल्या वर्षी’. आजी दोन पोरांना घेऊन मुंबईला आली ती ‘रामदास बुडाली त्याच्या पाचव्या वर्षी’. थोरले काका बदलीवर लागले ते ‘ट्राम बंद झाली तेव्हा’, आणि त्यांची गिरणी सुटली ती ‘संपात’. साल हवं असेल तर ते आपण काढायचं. प्लेग १८९६ चा. रामदास बोट बुडाली १७ जुलै १९४७ ला. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली आणि गिरणी संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला. या हिशेबाने आजी १९५२ मध्ये आली. मला सांगायचंय ते तिच्या येण्याबद्दल, पण त्यासाठी पणजोबांपासून सुरुवात करायला हवी, कारण त्यांनी पणजीला कधीच मुंबईला आणलं नाही.

आमचं गाव देवगड तालुक्यातलं. डोंगरउताराची जमीन, पावसावरचं भात, बाकी नाचणी आणि कुळीथ. भाताच्या जमिनीवर चार महिने निघायचे, उरलेल्या आठ महिन्यांसाठी मुंबई. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला कापडगिरणी काढली, त्यानंतरच्या काही दशकांत गिरण्या वाढत गेल्या आणि त्यांना लागणारी माणसं मोठ्या संख्येने रत्नागिरी जिल्ह्यातून गेली. तेव्हा आमचा भागही त्याच जिल्ह्यात होता. पणजोबा अशांपैकी एक. ते एका गावकरी खोलीत राहत. एकाच गावातले पुरुष वर्गणी काढून खोली घेत, भिंतीलगत प्रत्येकाची एक ट्रंक, आणि झोपायला पाळीप्रमाणे जागा: रात्रपाळीवाला परतला की दिवसपाळीवाल्याने उठायचं.

प्लेग मांडवीत सुरू झाला आणि बघता बघता शहर रिकामं होऊ लागलं. पणजोबा मिळेल त्या होडीने पनवेलपर्यंत आले आणि तिथून चालत गावी पोचले, कारण बोटीवर गोरे डॉक्टर काखा तपासतात आणि गाठ दिसली की उतरवून घेतात असं त्यांच्या कानावर आलं होतं. साथ ओसरल्यावर ते परत गेले. पणजीने मात्र त्या दिवसापासून एकच वाक्य धरलं: “मुंबय माणसां खाता.” पुढे चाळीस-पन्नास वर्षं आमच्या घरात हे वाक्य कायद्यासारखं चाललं. पुरुषाने जायचं, मनीऑर्डर पाठवायची, गणपतीला आणि शिमग्याला यायचं. बाईमाणसाने आणि पोरांनी जायचं नाही.

लहानपणी मला ते म्हातारीचं घाबरटपण वाटे. नंतर आकडे वाचले तेव्हा तसं वाटेनासं झालं. १९२१ साली मुंबईत नोंदल्या गेलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक मुलं वर्षाच्या आत दगावत होती. बाळंतपणं गावी होत, जन्म तिथे नोंदला जाई आणि मृत्यू मात्र शहरात, त्यामुळे हा आकडा खऱ्यापेक्षा फुगलेला आहे हे मान्य. तरीही एका खोलीत दोन-तीन बिऱ्हाडं, खिडकी नाही, गटार दाराशी, अशा चाळींत तान्हं मूल घेऊन जायला कुणाही आईने नकार दिला असता. त्याच वर्षाच्या शिरगणतीत मुंबईत हजार पुरुषांमागे जेमतेम सव्वापाचशे बायका होत्या. गिरणीला माणूस हवा होता, त्याचा संसार नको होता. त्याच्या पोरांचं खाणं, म्हाताऱ्यांचं आजारपण, बायकोची बाळंतपणं हे सगळं गावाने सांभाळायचं, आणि त्यामुळेच त्याला कमी पगारात ठेवता यायचं. शंभर वर्षं गिरण्यांच्या नफ्यात आमच्या पणजीसारख्या बायकांचा वाटा होता. तो कुठल्या वहीत लिहिला गेला नाही याचा मला अजून राग येतो.

सरकारला घरांची आठवण आली ती पहिल्या महायुद्धानंतर. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात, १९२० मध्ये, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे खातं निघालं. त्याच्याच आद्याक्षरांवरून बीडीडी चाळी. पन्नास हजार खोल्या बांधायचा बेत होता, झाल्या सोळा हजारांच्या आसपास: वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती. प्रत्येक इमारत तळमजला आणि वर तीन मजले, एकूण ऐंशी खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. सिमेंट-काँक्रीटचं भक्कम काम, पण भाडं परवडेना म्हणून सुरुवातीला कित्येक खोल्या रिकाम्या राहिल्या. सविनय कायदेभंगात वरळीच्या चाळींचा तुरुंगही झाला. पुढे गिरणीकामगार तिथे भरत गेले. आजोबांच्या चुलतभावाला नायगावला अशीच एक खोली मिळाली आणि गावकरी खोलीतले सातआठजण तिकडे हलले. त्यांत आजोबाही होते; ते गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागावर, होते.

आता आजी. ती सांगायची तेव्हा गोष्ट नेहमी १९५२ च्या गणपतीपासून सुरू व्हायची. आजोबा मुंबईहून संध्याकाळी घरी पोचले. खळ्यात खेळणारा पाच वर्षांचा मुलगा, म्हणजे आमचे थोरले काका, त्यांना बघून आत पळाला आणि ओरडला, “आये, कोण तरी पावणो इलो!” आजोबा काही बोलले नाहीत. पाय धुऊन देवासमोर बसले. आजीने मात्र त्या रात्री ठरवलं. “झील बापाशीक वळखूक नाय. मगे मी हंय कित्याक रवतलंय?” एवढंच कारण ती सांगे. पैसा, शाळा, औषधपाणी, पुढे लोक जी कारणं देतात त्यातलं एकही तिच्या तोंडून मी ऐकलेलं नाही.

सासऱ्यांनी विरोध केला तो बोटीच्या भीतीने. रामदास आमच्या बाजूची बोट नव्हे, ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जायची. पण गटारी अमावास्येच्या दिवशी कासा खडकाजवळ ती बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली, त्यानंतर साऱ्या किनाऱ्यावर बोटीचं नाव काढलं की बायका देवाला हात जोडत. शेवटी पणजी, त्या वेळी पुरती थकलेली, म्हणाली की भात झोडून कणगीत पडूदे आणि मग जाऊदे तिला. हे पणजीने का म्हटलं असेल याचा मी खूप विचार केला आहे. मुंबई माणसं खाते हे तिचं मत बदललेलं नव्हतं. पण नवऱ्याशिवाय काढलेली वर्षं तिला सुनेपेक्षा जास्त ठाऊक होती.

दिवाळी उलटल्यावर ते निघाले. बैलगाडीने बंदरापर्यंत, मग पडाव. आगबोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून माणसं तिच्यापर्यंत न्यायची. लाटेबरोबर पडाव वर आला की खलाशी हात धरून माणूस बोटीत ओढायचा. काकांना त्या क्षणाची आठवण अजून स्वच्छ आहे. आत्या सहा महिन्यांची, तिला एका खलाशाने आजीच्या हातून घेतलं आणि वरच्या माणसाकडे दिलं. पुढची लाट येईपर्यंत आजी पडावात आणि तान्हं मूल बोटीवर. ती ओरडली नाही, वर बघत राहिली, असं काका सांगतात. डेकवर घोंगडी पसरून रात्र काढली. बरोबर तांदळाचं गाठोडं, कुळथाचं पीठ, सोलं, सुके बांगडे, नारळ आणि आडाळो. मुंबईत विळी मिळते हे आजोबांनी सांगून पाहिलं, पण तिला स्वतःचा आडाळो हवा होता.

भाऊच्या धक्क्यावरून घोडागाडीने नायगाव. खोलीत पुरुष होते. बाई येणार म्हणून त्यांनी ट्रंका उचलून व्हरांड्यात नेल्या होत्या आणि त्यांच्या झोपण्याची जागाही आता तीच होती. आजीला ते बघवलं नाही. सगळे गावचे, कुणी दीर, कुणी भाचा. ते बाहेर खानावळीत जेवत आणि पोट बिघडलं म्हणून कुरकुरत. दुसऱ्या आठवड्यात तिने आजोबांना सांगितलं की यांना इथेच वाढते. इथून तिची खानावळ सुरू झाली, ती जवळजवळ तीस वर्षं चालली.

पहिली पाळी सकाळी सातची, दुसरी साडेतीनची, तिसरी रात्री बाराची. तीन पाळ्यांची माणसं म्हणजे शेगडी कधी पुरती विझायचीच नाही. सकाळी भाकरी आणि पिठी, दुपारी बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. सोमवारी मासळी नाही. महिन्याचे पैसे पगाराला, तोवर वाण्याकडे उधारी, आणि उधारी थकली की सावकार. गिरणगावात अशा खानावळी चालवणाऱ्या बायका हजारोंनी होत्या. बहुतेकींवर हेच कर्ज होतं. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा आजीच्या मजल्यावरच्या दोघींनी सावकार सोडला. आजीने अर्जावर अंगठा न उठवता सही केली. ती सही तिला काकांनी शिकवली होती.

शेजारच्या खोलीत घाटावरची एक मावशी होती. वाइंडिंगखात्यात कामाला. विसाच्या दशकात गिरणीतल्या पाचांपैकी एक कामगार बाई असे. मावशी लागली तोवर ते प्रमाण उतरणीला लागलं होतं. तिने आजीला रॉकेलच्या रांगेत उभं राहायला, रेशनकार्डावर नावं चढवायला, आरे दुधाच्या केंद्रावर पहाटे बाटल्या बदलून आणायला शिकवलं. आजी मालवणीत बोले, मावशी साताऱ्याकडच्या बोलीत, आणि दोघींचं काही अडलं नाही. माझे वडील परळच्या वाडिया प्रसूतिगृहात जन्मले, आमच्या घराण्यात मुंबईत जन्मलेलं पहिलं मूल. बाळंतपणाला माहेरी जायची रीत आजीने मोडली, कारण ती गेली असती तर जेवणाऱ्यांना वाढायला कोण होतं? तिच्यामागे मावशीने दहा दिवस, स्वतःची पाळी सांभाळून, सगळ्यांना जेवू घातलं.

मुलांसाठी ती खोली सोपी नव्हती. आजोबांची रात्रपाळी असली की दिवसा खोलीत आवाज करायचा नाही. काकांचा अभ्यास जिन्यात झाला आणि आत्याचा गॅलरीत. पण काका एक गोष्ट आवर्जून सांगतात: रात्रपाळी करून आलेला बाप झोपण्यापूर्वी रोज त्यांना समोर बसवून शाळेतला धडा वाचायला लावी. आजोबा स्वतः दुसरी शिकलेले. धडा त्यांना कळायचा की नाही कोण जाणे, ते डोळे मिटून ऐकत आणि मग झोपत.

संपात अडीच लाख कामगार रस्त्यावर आले. पहिल्या उन्हाळ्यात चाळीतल्या कित्येकांनी बायकापोरं गावी पाठवली. पणजोबांच्या वेळेसारखंच, शहराला ओझं झालं की संसार गावाने सांभाळावा. काकांचीही तयारी झाली होती. आजोबा तेव्हा निवृत्त, आजी साठीच्या घरात. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “परत जावक मी येवक नाय.” गावाहून तांदूळ मागवला, काकूला बरोबर घेतलं आणि खानावळ बंद असूनही पूर्वीच्या जेवणाऱ्यांपैकी जे मुंबईत अडकले होते त्यांना वर्षभर वाढलं. काही पैसे नंतर आले, काही आले नाहीत. ती वही आमच्याकडे आहे.

आता बीडीडी चाळी पाडून उंच इमारती होत आहेत. खोलीच्या हक्कासाठी काकांनी कागद काढले: आजोबांचा गिरणीचा पास, भाडेपावत्या, युनियनची पावती. आजीचं नाव फक्त रेशनकार्डावर आणि अन्नपूर्णाच्या पासबुकावर. मजल्यावरच्या इतर घरांतही हेच आहे, म्हणून काका आणि मी गेल्या वर्षापासून एक यादी करतो आहोत: कुठल्या खोलीत कोणती बाई, कुठल्या गावाहून, कशाने आणि कुठल्या साली आली. साल कुणीच सांगत नाही. कुणी म्हणतं चीनच्या लढाईत, कुणी कोयनेच्या भूकंपानंतर, कुणी दुष्काळात मिलो खाल्ला त्या वर्षी. काका ऐकून घेतात, मी साल काढून लिहितो. अर्धा मजला झाला आहे. उरलेली माणसं विरार, बदलापूर, कणकवली अशी विखुरली आहेत. पुढच्या रविवारी विरार.