दम्याचें मोजमाप

दमा हा विकार फार जुना; त्याचें मोजमाप मात्र अलीकडचें आहे. चरकसंहितेंत श्वासरोगाचे पांच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकीं तमकश्वासाचें वर्णन वाचलें म्हणजे आजचा दमेकरीच डोळ्यांपुढें उभा राहतो. निजलें कीं त्रास वाढतो, उठून बसलें कीं आराम पडतो, आणि आभाळ भरून आलें कीं विकार बळावतो. लक्षणें इतक्या सूक्ष्मपणें टिपलीं गेलीं; परंतु त्यांची मात्रा ठरविण्याचें साधन नव्हतें. इंग्लंडांतील सर जॉन फ्लॉयर हा वैद्य स्वतः दमेकरी होता. १६९८ मध्यें त्यानें दम्यावर ग्रंथ लिहिला. नाडी मोजण्यासाठीं त्यानें खास घड्याळ करविलें. श्वासासाठीं मात्र त्याच्यापाशीं तसें कांहीं नव्हतें.

ती उणीव भरून काढण्याचा मोठा प्रयत्न जॉन हचिन्सन यानें केला. पाण्यांत उपडें तरंगणारें भांडें आणि त्यास जोडलेली नळी, असें त्याचें यंत्र होतें. नळींत श्वास सोडला कीं भांडें वर उचललें जाई व हवेचें माप कळे. दोन हजारांहून अधिक माणसें तपासून १८४६ मध्यें त्यानें आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. उंचीबरोबर फुप्फुसांची धारणाशक्तिहि वाढते, हें त्यानें दाखविलें.

तथापि दम्यांत खरा प्रश्न हवा किती बाहेर पडते एवढाच नसून ती किती वेगानें पडते हा आहे. कारण श्वासनलिका आकुंचन पावलेल्या असतात. १९४७ मध्यें फ्रान्समध्यें तिफनो व पिनेली यांनीं जोरानें सोडलेल्या श्वासाच्या पहिल्याच सेकंदांतील हवा मोजण्याची रीत मांडली. १९५९ मध्यें ब्रिटनमधील राइट यानें श्वासाचा कमाल वेग दर मिनिटास किती लिटर, हें दाखविणारें सुटसुटीत यंत्र पुढें आणलें. पुढें त्याची हलकी, स्वस्त आवृत्ति निघाली आणि मोजमाप रुग्णालयांतून घरांत आलें. ही गोष्ट महत्त्वाची होती. दमा येतो आणि जातो; पहाटे गुदमरलेला मनुष्य दुपारीं डॉक्टरांपुढें बसतो तेव्हां अगदीं ठणठणीत असूं शकतो. सकाळ-संध्याकाळची नोंद ठेवली तरच ही लबाडी उघडी पडते.

या दुर्लक्षाची किंमत केवढी असते, हें १९८२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका चौकशींत दिसून आलें. इंग्लंडच्या दोन विभागांत दम्यानें मृत्यु पावलेल्यांची माहिती त्या वेळीं तपासण्यांत आली. रोगाचें गांभीर्य रोग्यास, आप्तांस आणि डॉक्टरांसहि वेळीं उमगलें नव्हतें, असें अनेक प्रकरणांत आढळलें. दीर्घकाळच्या दमेकऱ्यास धाप अंगवळणी पडते. "बरें आहे" हें त्याचें उत्तर नेहमींच विश्वसनीय नसतें.

म्हणून "कसें काय?" असा मोघम प्रश्न सोडून नेमके प्रश्न विचारण्याची पद्धत रूढ झाली. १९९९ मध्यें एलिझाबेथ ज्युनिपर यांची सात मुद्द्यांची प्रश्नावली प्रसिद्ध झाली. तींत गेल्या आठवड्याचा हिशेब घेतला जातो. २००४ मध्यें अमेरिकेंत पांच प्रश्नांची चांचणी पुढें आली. गेल्या चार आठवड्यांत कामांत खंड पडला काय, धाप लागली काय, रात्रीं जाग आली काय, तात्काळ आराम देणारा इनहेलर किती वेळां घ्यावा लागला, आणि दमा कितपत आटोक्यांत आहे असें वाटतें, हे ते प्रश्न. प्रत्येकास एक ते पांच गुण, एकूण २५. बेरीज १९ किंवा त्याहून कमी आली तर दमा नीट आटोक्यांत नाहीं असें समजावें.

यंत्र आणि प्रश्न हीं परस्परांस पूरक आहेत. यंत्रास श्वासनलिकेची अवस्था कळते, पण मोडलेली झोप कळत नाहीं. रोग्यास झोप मोडलेली कळते, पण हळूहळू घटणारा श्वास कळत नाहीं. औषध वाढवावें कीं कमी करावें, हा निर्णय दोहोंची साक्ष घेऊन डॉक्टरांनीं करावयाचा असतो. चरककाळीं रोगी वैद्यास आपली व्यथा सांगे. आज तीच व्यथा अंकांत सांगतां येते. ते अंक खरे लिहिणें एवढें मात्र रोग्याच्याच हातीं आहे.